चित्राचा पोत

डॉ. द्वारकानाथ कोटणीस हे आपल्या सोलापूरचे सुपुत्र. १९३८ मध्ये चीनमधील जखमी सैनिकांच्या शुश्रूषेसाठी हिंदुस्थानातून जे पाच डॉक्टर गेले, त्यांतील चौघे परतले. कोटणीसांनी मात्र ९ डिसेंबर १९४२ रोजी, वयाच्या अवघ्या ३२ व्या वर्षी, तेथेच देह ठेवला. त्यांच्या जीवनावर व्ही. शांताराम यांनी १९४६ मध्ये ‘डॉ. कोटनीस की अमर कहानी’ हा चित्रपट काढला आणि नायकाची भूमिकाही स्वतःच केली. आज हा चित्रपट पाहावयाचा म्हटले, तर बहुतेकांच्या दृष्टीस पडते ती आंतरजालावरील एखादी धुरकट प्रत. ती पाहून, ‘जुने चित्रपट असेच अंधूक असावयाचे,’ असा समज करून घेणारे पुष्कळ आहेत. हा समज चुकीचा तर आहेच, शिवाय त्या काळच्या छायालेखकांवर अन्याय करणारा आहे.

त्या काळी चित्र उमटे ते ३५ मिलिमीटर रुंदीच्या फितीवर. या फितीवर चांदीच्या संयुगांचे अतिसूक्ष्म कण पसरलेले असत. भिंगातून आलेला प्रकाश त्यांवर पडे आणि रासायनिक प्रक्रियेनंतर ज्या ठिकाणी प्रकाश पडला तेथे काळे कण उरत. एका सेकंदाला अशी २४ चित्रे. मूळ फितीत साठलेला तपशील इतका दाट असतो, की तो टिपून घेण्यासाठी आजची उत्तम यंत्रे एकेका चित्राचे लक्षावधी बिंदू करतात. तेव्हा अंधूकपणा मूळ चित्रात नव्हता. मग तो आला कोठून?

याचे उत्तर समजून घेण्यास सोलापूरच्या मुलांना दूर जावयास नको. जॅकार्ड मागावर विणलेल्या चादरीवरील एखादा मोर अगदी जवळून पाहा. त्याची मान वळणदार दिसते खरी, पण चादरीत वाकडा धागा एकही नसतो. उभा ताणा आणि आडवा बाणा, एवढेच. वळणाचा भास होतो तो धाग्यांनी घातलेल्या बारीक बारीक पायऱ्यांमुळे. सूत जाड व वीण विरळ असेल, तर या पायऱ्या उघड्या पडतात. सूत बारीक व वीण दाट असेल, तर डोळा त्यांना रेषा समजतो. दूरचित्रवाणीच्या पडद्यावरील चित्रही असेच विणलेले असते. धाग्यांच्या जागी तेथे बिंदू असतात.

घरोघरी चित्रपट नेणारे पहिले लोकप्रिय साधन म्हणजे व्हीएचएसची फीत. १९७६ साली जपानात निघालेल्या या फितीवर आडव्या दिशेने जेमतेम २४० रेषांइतका तपशील मावे, आणि प्रतीवरून प्रत काढली की तोही झिजे. पुढे १९९३ मध्ये व्हीसीडी आली. आपल्याकडील व्हीसीडीत एका ओळीत ३५२ बिंदू आणि अशा २८८ ओळी, म्हणजे सुमारे १ लाख बिंदू असत. डीव्हीडीत ७२० आणि ५७६, म्हणजे ४ लाखांहून थोडे अधिक. २००६ मध्ये ब्लू-रे तबकडी बाजारात आली, तिच्यात १९२० आणि १०८०, म्हणजे २० लाखांच्या वर! तबकडीचा आकार मात्र तोच, तळहाताएवढा. डीव्हीडी वाचणारा किरण तांबडा असतो, तर ब्लू-रेचा जांभळट निळा व त्याहून सूक्ष्म. म्हणून तिच्यावरील माग अधिक जवळजवळ कोरता येतात. डीव्हीडीच्या एका थरात ४.७ गिगाबाइट मजकूर राहतो, ब्लू-रेच्या एका थरात २५.

येथे कोणी म्हणेल, की स्ट्रीमिंगमधूनही, म्हणजे आंतरजालावरून वाहत येणाऱ्या चित्रातूनही, १९२० आणि १०८० बिंदू मिळतातच; मग तबकडी हवी कशाला? प्रश्न रास्त आहे. पण चादरीची परीक्षा धागे मोजून संपत नाही; धाग्यात सूत किती आणि कांजी किती, हेही पाहावे लागते.

चित्राची माहिती ‘बिट’ या सूक्ष्म मापाने मोजतात. ब्लू-रे तबकडी चित्रासाठी सेकंदाला जास्तीत जास्त ४ कोटी बिट देऊ शकते. याउलट नेटफ्लिक्ससारखी संस्था तेवढ्याच बिंदूंच्या चित्रासाठी सेकंदाला ५० लाख बिटांची जोडणी पुरेशी मानते. हा चमत्कार साधतो कसा? पाठविणारे यंत्र प्रत्येक चित्र पूर्ण पाठवीतच नाही. भिंतीसमोर एखादा माणूस बोलत असेल, तर भिंत एकदा पाठवून पुढे केवळ हलणारे ओठ व हात तेवढे कळविले जातात. काटकसरीची ही युक्ती तबकडीतही वापरतात; परंतु तेथे हात सढळ असतो, आंतरजालावर आखडता. शांत प्रसंगात हा भेद ध्यानातही येत नाही. मात्र पाऊस कोसळू लागला, धुरळा उडाला, जत्रेची गर्दी सरकू लागली किंवा पडद्यावर रात्र पसरली, की सारेच बिंदू एकाच वेळी बदलू लागतात आणि काटकसर उघडी पडते. काळोखात सावल्यांच्या हलक्या छटांऐवजी पट्टे दिसतात; धुराचे चौकोनी ठोकळे होतात. जुन्या कृष्णधवल चित्रपटांना याचा फटका विशेष बसतो. फितीवरील ते चांदीचे कण पडद्यावर सतत थरथरत असतात. यंत्राला तो निव्वळ कचरा वाटतो आणि ते तो पुसून टाकते. कणांबरोबर चेहऱ्यावरील सुरकुत्या व कापडाचा पोतही जातो, आणि माणसे मेणाची वाटू लागतात.

न्यायाची गोष्ट म्हणून हेही सांगितले पाहिजे, की नव्या पद्धती थोड्या बिटांत पूर्वीपेक्षा पुष्कळ अधिक चित्र बसवितात. त्यामुळे केवळ आकड्यांवरून निवाडा करू नये. स्ट्रीमिंगमुळे खेड्यापाड्यांत जो चित्रपट पोहोचला, तो तबकडीने कधीही पोहोचला नसता. शिवाय हातातील लहानशा काचेवर २० लाख व ४ लाख यांतील अंतर डोळ्यांना सहसा उमगतही नाही. भेद दिसतो तो मोठ्या पडद्यावर, जवळ बसून पाहताना. तबकडीचा वेगळा गुण असा, की जोडणी मंदावली म्हणून तिचे चित्र उतरत नाही आणि कोणाचा करार संपला म्हणून ती कपाटातून नाहीशी होत नाही. परंतु ती वाचणारी यंत्रेच आता दुर्मिळ होत चालली आहेत.

या सर्वांहून महत्त्वाचा प्रश्न निराळाच आहे. आडात नसेल, तर पोहऱ्यात कोठून येणार? झिजलेल्या प्रतीवरून किंवा जुन्या व्हीएचएस फितीवरून केलेली नक्कल उत्तमोत्तम तबकडीवर घातली, तरी ती धूसरच राहणार. उलट, आड भरलेला असेल तर काय होते, याचे उदाहरण सत्यजित राय यांच्या ‘पथेर पांचाली’ (१९५५), ‘अपराजितो’ (१९५६) व ‘अपूर संसार’ (१९५९) या तीन चित्रपटांचे आहे. १९९३ मध्ये लंडनमधील एका प्रयोगशाळेला लागलेल्या आगीत त्यांच्या मूळ फिती होरपळल्या. पुढे इटलीतील बोलोन्या येथील तंत्रज्ञांनी त्या ठिसूळ फितींतील जेवढा भाग वाचविणे शक्य होते तेवढा हाताने सांधला. उरलेला भाग अन्य चांगल्या प्रतींतून घेतला. २०१५ मध्ये हे चित्रपट पुन्हा पडद्यावर व ब्लू-रे तबकडीवर आले. काशफुलांच्या रानातून अपू आणि दुर्गा धावत जातात, तेथे एकेक तुरा वेगळा दिसतो.

आपल्याकडे पुण्यास १९६४ मध्ये राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय स्थापन झाले. परंतु जुन्या नायट्रेटच्या फिती अत्यंत ज्वालाग्राही असतात. ८ जानेवारी २००३ रोजी अशा फिती ठेवलेल्या पुण्यातील कोठाराला आग लागली आणि मराठी चित्रसृष्टीचा मोठा ठेवा भस्मसात झाला. अशा जळून गेलेल्या ज्या चित्रपटांची दुसरी फीत कोठेही उरलेली नसेल, त्यांच्या बाबतीत कोणाच्या तरी घरात राहिलेली धुरकट कॅसेटसुद्धा मोलाची ठरते. हे संग्रहालय २०२२ पासून राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळात विलीन झाले आहे, आणि सुमारे २२०० चित्रपटांचे जतन करण्याची योजना त्याच वर्षी जाहीर झाली.

‘डॉ. कोटनीस’ची जी प्रत हाती येईल ती पाहताना एक दक्षता मात्र आपल्याला घरीच घेता येते. या चित्रपटाची मूळ चौकट जवळजवळ ४ : ३ या प्रमाणातील आहे, आजचे पडदे १६ : ९ असतात. पडदा भरून दिसावा म्हणून चित्र ताणले, की सर्वांचे चेहरे फुगीर होतात. कापले, तर डोक्यावरील टोप्या जातात. दूरचित्रवाणी संचाच्या मांडणीत मूळ प्रमाण निवडावे आणि दोन्ही कडांना काळ्या पट्ट्या खुशाल राहू द्याव्यात.