डोळ्यांनी पाहिलं, म्हणजे खरं?

"मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं!" असं कोणी म्हटलं, की वाद संपतो. डोळे, कान, नाक, जीभ आणि त्वचा ही आपली पाच ज्ञानेंद्रिये. जगाची खबर आपल्याला त्यांच्याकडूनच मिळते. पण ती खबर नेहमी खरी असते का? सनीव्हेलमधल्या एका दिवसाची गोष्ट वाचा आणि तुम्हीच ठरवा.

तारीख होती ९ सप्टेंबर २०२०, बुधवार. सनीव्हेल, सॅन फ्रान्सिस्को आणि आसपासच्या बे एरियात सकाळ झाली, पण नीट उजाडलंच नाही. आकाश नारिंगी झालं होतं. लोकांना भर दिवसा घरात दिवे लावावे लागले.

समजा, त्या दिवशी तुम्ही खिडकीत उभे आहात. डोळे सांगतात, "संध्याकाळ झाली." घड्याळात तर सकाळचे दहा वाजलेत! नाक सांगतं, "धुराचा वास फारसा नाही." फोनवर फोटो काढावा, तर फोटोत आकाश चक्क राखाडी. आता कोणाचं खरं मानायचं?

खरं तर कोणीच मुद्दाम खोटं बोलत नव्हतं. कॅलिफोर्नियाच्या जंगलांत मोठे वणवे लागले होते. त्यांचा धूर वाऱ्याबरोबर इथे आला. धुरातून सूर्याचा निळा प्रकाश फारसा खाली आला नाही, नारिंगी आणि लाल आला. म्हणून डोळ्यांना आकाश नारिंगी दिसलं. समुद्रावरून आलेल्या थंड हवेचा थर जमिनीजवळ होता आणि धूर त्याच्या वर तरंगत होता. म्हणून नाकाला वास कमी आला. आणि फोन? फोटोतले रंग 'नेहमीसारखे' दिसावेत म्हणून कॅमेरा ते आपोआप बदलतो. त्याने नारिंगी रंगच काढून टाकला! आपला मेंदूही असंच करतो. पिवळ्या दिव्याखाली पांढरा सदरा आपल्याला पांढराच वाटतो ना?

खरी गंमत पुढेच आहे. नंतरच्या दिवसांत धूर खाली उतरला. नारिंगी रंग गेला, आकाश राखाडी दिसू लागलं. बघणाऱ्याला वाटेल, "चला, सुटलो!" पण श्वास घ्यायला हवा आता जास्त वाईट होती. धुराचे बारीक कण २.५ मायक्रॉनपेक्षाही लहान असतात. आपला केस साधारण ७० मायक्रॉन जाड असतो. इतका छोटा कण डोळ्यांना दिसत नाही, पण फुफ्फुसात खोलवर जातो. हवेचा निर्देशांक १०० च्या वर गेला, की दमा असलेल्या मुलांना त्रास होऊ शकतो. १५० च्या वर कोणालाही. "बाहेर खेळायला जाऊ का?" हे अशा वेळी नुसतं आकाश बघून ठरवता येत नाही.

मग इंद्रियांवर विश्वास ठेवायचाच नाही का? ठेवायचा, पण एकट्या इंद्रियावर नाही. भारतातल्या न्यायदर्शनात ज्ञान मिळवण्याच्या साधनाला 'प्रमाण' म्हणतात. इंद्रियांनी कळतं ते प्रत्यक्ष. विचार करून कळतं ते अनुमान. डोंगरावर धूर दिसला, म्हणजे तिथे आग असणार, हे अनुमानाचं जुनं उदाहरण. पण धुक्यालाच धूर समजलात, तर अनुमानही चुकतं! विश्वासू, जाणकार माणसाचं सांगणं म्हणजे शब्द. चौथं प्रमाण उपमान, म्हणजे सारखेपणावरून ओळखणं.

आता पाहा. आकाश नारिंगी दिसलं, हे प्रत्यक्ष. कुठेतरी मोठी आग असेल, हे अनुमान. हवा मोजणाऱ्यांनी दिलेला आकडा, हा शब्द. तिन्ही एकत्र आली, की चित्र स्पष्ट होतं.

शब्दार्थ
वणवा – जंगलात पसरणारी आग
थर – एकावर एक असलेल्या पातळ्यांपैकी एक
निर्देशांक – स्थिती दाखवणारा आकडा
जाणकार – विषयाची चांगली माहिती असलेला

करून पाहा
घरात फोडणी झाली, की थोडा वेळ स्वयंपाकघरात बसा. वास हळूहळू जाणवेनासा होतो. मग बाहेर फिरून परत या. आता काय झालं? चार वाक्ये लिहा.

प्रश्न
१. फोटोत आकाश राखाडी का दिसलं?
२. आकाश कमी भीतीदायक दिसत असताना हवा जास्त वाईट का होती?
३. तुमच्या डोळ्यांनी किंवा कानांनी तुम्हाला कधी फसवलं? खरं काय ते कसं कळलं? आजी-आजोबांनाही विचारा.