धुक्यातला प्रवास आणि चालकाची प्रकृती

मार्गशीर्ष लागला की कृष्णा-पंचगंगेच्या काठी पहाटे दाट धुके उतरते. याच दिवसांत साखर कारखान्यांचा गळीत हंगाम भरात असतो आणि उसाच्या ट्रॉल्या, बैलगाड्या रात्रंदिवस रस्त्यावर असतात. अपघात झाला की आपण रस्त्याला नाही तर गाडीला दोष देतो. पण थंडीत चालकाचे शरीर कसे वागते, हेही जाणून घेतले पाहिजे.

आधी थोडा हिशेब पाहू. ताशी ६० किलोमीटर वेगाची गाडी एका सेकंदात सुमारे १७ मीटर जाते. समोरचे दिसून पाय ब्रेकवर पडेपर्यंत सेकंद-दीड सेकंद जातो. म्हणजे ब्रेक लागण्यापूर्वीच १७ ते २५ मीटर संपतात आणि पुढे गाडी थांबायला आणखी वीसेक मीटर लागतात. धुक्यात ३० मीटरच दिसत असेल, तर पुढची ट्रॉली दिसूनही धडक टळत नाही. तोच वेग ताशी ३० ठेवला, तर कोरड्या रस्त्यावर गाडी साधारण २० मीटरच्या आत थांबते. धुक्यात दिवा 'डिपर'वरच ठेवावा. 'अप्पर'चा उजेड धुक्याच्या थेंबांवरून परत डोळ्यांवर येतो.

गारठ्याने बोटे आखडतात आणि दुचाकीचा ब्रेक दाबायला उशीर होतो. म्हणून हातमोजे हवेतच. मात्र हेल्मेटखाली जाड माकडटोपी घालू नये, त्यामुळे हेल्मेट डोक्यावर घट्ट बसत नाही. मफलरचे टोकही मोकळे सोडू नये, ते चाकात अडकते.

सर्दीची गोळी घ्यायला येणाऱ्या रुग्णाला मी पहिला प्रश्न विचारतो, "आज गाडी चालवणार आहात का?" सर्दीच्या अनेक गोळ्यांत क्लोरफेनिरामिन असते. त्याने झापड येते. सेटिरिझिननेही काहींना पेंग येते आणि रात्री घेतलेल्या गोळीचा अंमल सकाळीही राहू शकतो. दुकानातून परस्पर गोळी आणून स्टिअरिंग धरू नये. रात्री दोन ते पहाटे सहा हा तसाही झोपेचा अंमल असतो. डोळे जड झाले की खिडकी उघडून किंवा तंबाखू खाऊन भागत नाही. गाडी सुरक्षित जागी लावून वीस मिनिटे झोपावे, हाच उपाय.

"थंडी आहे, एक घोट घेतला तर ऊब येते," असे सांगणारे भेटतात. दारूने कातडीच्या रक्तवाहिन्या फुलतात, म्हणून गरम वाटते. प्रत्यक्षात शरीरातली उष्णता बाहेर जाते आणि भान सुटते ते वेगळेच.

मधुमेहींनी पहाटे इन्सुलिन किंवा गोळी घेऊन उपाशीपोटी निघू नये. साखर उतरली की घाम, थरथर, गोंधळ सुरू होतो. खिशात साखर किंवा ग्लुकोज ठेवावे. मोतीबिंदू असणाऱ्यांचे डोळे समोरच्या दिव्यांनी दिपतात. त्यांनी रात्रीचे वाहन चालवणे टाळावे.

ऊस वाहणाऱ्या बांधवांना माझी विनंती आहे. ट्रॉलीच्या आणि बैलगाडीच्या मागे चकाकणारी लाल पट्टी लावा. ऊस खाली लोंबून ती झाकली जात नाही, हेही पाहा. गाडी बंद पडल्यावर चाकाला लावलेले दगड निघताना उचला. मागून येणाऱ्या दुचाकीस्वाराला ते धुक्यात दिसत नाहीत.

अपघात दिसलाच तर १०८ क्रमांकावर फोन करावा. जखमीला घोंगडी किंवा चादर पांघरावी, कारण रक्तस्रावात गारठा घातक ठरतो. वाहते रक्त स्वच्छ कापडाने दाबून धरावे. चहा-पाणी पाजू नये आणि मान हलवू नये. पोलिसांच्या भीतीने पुढे निघून जाऊ नये. मोटार वाहन कायद्यात २०१९ साली झालेल्या दुरुस्तीने सद्भावनेने मदत करणाऱ्याला संरक्षण दिले आहे. त्या थोड्या वेळात मिळालेल्या मदतीवरच पुष्कळदा जखमीचा जीव अवलंबून असतो.