परदेशी शिक्षणाचं कर्ज नगरकरांना कितीला पडतं?

राहुरी-श्रीरामपूरकडचे पालक पहिल्यांदा विचारतात, "बागायती जमीन तारण चालेल ना?" बहुतेक बँका नाहीच म्हणतात. कोर्टात न जाता तारण विकून वसुली करण्याची मुभा बँकांना 2002 च्या सरफेसी कायद्याने दिली, पण त्यातून शेतजमीन वगळली आहे. त्यामुळे सावेडीतला फ्लॅट, बिनशेती प्लॉट किंवा मुदतठेव दाखवावी लागते. सरकारी बँकांच्या सर्वसाधारण योजनेत साडेसात लाखांपर्यंत तारण लागत नाही. त्यात परदेशातलं एमएस होत नाही, हा भाग वेगळा. शिवाय एकूण खर्चाचा 15 टक्के वाटा तुमचा.

आता 40 लाखांचं कर्ज धरा. प्रक्रिया शुल्कावर 18 टक्के जीएसटी. वकिलाचा सर्च रिपोर्ट आणि मालमत्तेचं मूल्यांकन यांची फी वेगळी. कर्ज नामंजूर झालं तर ती परत मिळते का, हे आधीच विचारा. घर गहाण ठेवल्यावर 30 दिवसांत दुय्यम निबंधकाकडे नोटीस ऑफ इंटिमेशन दाखल करायची असते. 0.3 टक्के दराने मुद्रांक शुल्क 12 हजार. सहमालक परदेशात असेल तर त्याचं कुलमुखत्यारपत्र भारतात पोचल्यापासून तीन महिन्यांत मुद्रांकित करून घ्या.

बँकेच्या कर्जातून फी पाठवली तर टीसीएस (उगमावर वसूल होणारा आयकर) लागत नाही. 2025-26 मध्ये पदरच्या पैशातून पाठवताना 10 लाखांवरच्या रकमेला तो 5 टक्के होता. रिटर्न भरताना हिशेबात धरला जातो, पण तोवर पैसा अडकतो.

विनातारण डॉलरमध्ये कर्ज देणाऱ्या परदेशी कंपन्यांचं आकर्षण मोठं आहे. तिथे जरा थांबा. 2015 मध्ये डॉलर साधारण 64 रुपयांना होता, 2025 च्या अखेरीस नव्वदीच्या घरात. 40 हजार डॉलरचं मुद्दल साडेपंचवीस लाखांवरून 36 लाखांवर जातं, व्याज सोडून! नोकरी डॉलरमध्ये मिळाली तर ठीक. परत यावं लागलं तर कंबरडं मोडतं. शिक्षणकर्जाच्या व्याजावरची आयकर सवलतही बहुधा हुकते, कारण ती भारतीय बँका आणि अधिसूचित संस्थांच्या कर्जालाच आहे.

करारात कोणत्या देशाचा कायदा लिहिलाय तेही पाहा. ब्रिटनच्या वरिष्ठ न्यायालयांचा पैसेवसुलीचा हुकूम दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम 44-अ खाली थेट आपल्या जिल्हा न्यायालयात बजावणीला येतो. जानेवारी 2020 पासून अमिरातीचाही. अमेरिका त्या यादीत नाही, तिथल्या निकालावर इथे नवा दावा लावावा लागतो.

बिनशेती तारण हाताशी असेल तर रुपयातलंच कर्ज घ्या.