विद्यार्थ्याची मोटार आणि परराज्यातील नोंदणी

बेळगावहून गोवा विद्यापीठात दोन वर्षांच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमासाठी जाणाऱ्या विद्यार्थ्याने घरची मोटार सोबत न्यावी काय? पेट्रोलचा हिशेब बहुतेक पालक करतात. नोंदणीचा क्वचितच कोणी करतो. मोटार वाहन अधिनियम, 1988 च्या कलम 47 अन्वये एका राज्यात नोंदलेले वाहन दुसऱ्या राज्यात बारा महिन्यांहून अधिक काळ ठेवल्यास तेथील नवा नोंदणी क्रमांक घेणे मालकास बंधनकारक आहे. त्यासाठी मूळ कार्यालयाचे ना-हरकत प्रमाणपत्र लागते, गोव्याचा कर भरावा लागतो आणि कर्नाटकात भरलेल्या कराच्या परताव्यासाठी निराळा अर्ज करावा लागतो. मोटार घरी परत आणल्यावर पुन्हा हाच खटाटोप, उलट दिशेने! 2021 साली सुरू झालेली ‘बीएच’ मालिका पात्र नोकरदारांसाठी आहे; केवळ विद्यार्थी म्हणून तिचा लाभ मिळत नाही.

मित्रांचा आग्रह ही आणखी एक बाब. अनुज्ञप्ती नसलेल्या सोबत्यास मोटार चालवू दिल्यास ती ज्याच्या ताब्यात आहे तोही कलम 180 अन्वये शिक्षेस पात्र ठरतो. गाडी वडिलांच्या नावावर असल्याची सबब चालत नाही.

ताळगाव पठारावरील विद्यापीठाच्या वसतिगृहात जागा मिळाल्यास वर्गात पायीच जाता येते. सुटीत घरी येण्यास पणजी-बेळगाव बस आहेच.