पिकअपचा सायलेन्सर घरी बदलताना



आजचा सल्ला पिकाचा नाही, माल वाहणाऱ्या गाडीचा आहे. एका सभासदाने विचारले, "सायलेन्सर सडलाय. बाहेरच्या कंपनीचा 'फ्री' सायलेन्सर स्वस्तात मिळतो, घरीच बसवला तर चालेल का?"

उत्तर: मागचा डबा घरी बदलता येतो. पण घ्यायचा तो मूळ मापाचाच. आवाज वाढवणारा नको.

*गळका सायलेन्सर का चालवू नये?*
धुरात कार्बन मोनॉक्साइड वायू असतो. त्याला ना रंग ना वास. डिझेल गाडीत तो पेट्रोल-सीएनजीपेक्षा कमी असतो, पण असतोच. गाडी पळताना धूर मागे जातो. उभी राहिली की तोच खालून केबिनमध्ये शिरतो. पहाटे जांभळी नाक्याच्या मंडईला माल नेताना थंडीमुळे काचा बंद असतात. नवरात्रात टेंभी नाक्याला देवीच्या गर्दीमुळे रस्ते वळवतात, गाडी कोंडीत उभी राहते, इंजिन चालूच. अशा वेळी डोके दुखले, मळमळले किंवा झापड आली तर जागरण म्हणून सोडून देऊ नका. लगेच काचा उघडा, गाडी बाजूला घ्या, इंजिन बंद करून खाली उतरा. बरे वाटले नाही तर दवाखाना गाठा.

*'फ्री' सायलेन्सर का नको?*
▪️ गाडी ओढत नसेल तर आधी एअर फिल्टर बघा. बहुतेकदा तो धुळीने भरलेला असतो. नुसत्या आवाजाने ताकद वाढत नाही.
▪️ मोटार वाहन कायद्याच्या कलम १९० (२) नुसार आवाज-धुराचे नियम मोडल्यास १०,००० रुपयांपर्यंत दंड किंवा ३ महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते, लायसन्सही ३ महिने जाते.
▪️ रुग्णालय, शाळा, कोर्ट यांच्याभोवती किमान १०० मीटर शांतता क्षेत्र जाहीर करता येते. पहाटे ४ वाजता आपल्या गाडीने आजारी माणसाची झोप मोडू नये.

*आधी गाडी ओळखा*
१ एप्रिल २०२० पासून देशात बीएस-६ गाड्याच विकल्या जातात. आपली गाडी कोणती ते आरसी बुकात बघा. बीएस-६ डिझेल गाडीच्या नळीत काजळी अडवणारा डीपीएफ आणि सेन्सर असतात. त्यांना घरी हात लावू नका. डीपीएफ काढून सरळ नळी टाकली तर इंजिनचा दिवा लागतो, गाडीची ताकद कमी होते आणि पीयूसीलाही अडते. बीएस-४ गाडीतही इंजिनजवळचा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर काढायचा नाही. घरचे काम फक्त मागच्या डब्याचे आणि शेपटीच्या नळीचे.

*काम असे करा*
१) आदल्या रात्री गंजलेल्या नट-बोल्टवर गंज सोडवणारे तेल मारून ठेवा. काम सकाळी, इंजिन पूर्ण थंड असताना.
२) गाडी सपाट, कडक जमिनीवर घ्या. हँडब्रेक ओढा, गिअरमध्ये ठेवा, चाकांना लाकडी ठोकळे लावा. हौदा रिकामा हवा.
३) *नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कधीही जाऊ नका.* खाली मजबूत स्टँड लावा. विटा किंवा दगड चालणार नाहीत. सोबत एक माणूस ठेवा, डोळ्यांना चष्मा लावा. गंजाचे कण डोळ्यात पडतात.
४) जुना डबा खालून आधार देऊन सोडवा. अडकवायचे रबर निघत नसेल तर साबणाचे पाणी लावा. रबर चिरलेले असेल तर नवीन टाका.
५) जुना आणि नवा डबा शेजारी ठेवून नळीची जाडी, लांबी, फ्लँजची भोके आणि हुक जुळवा. जुळत नसेल तर परत करा. ठोकून-वाकवून बसवू नका.
६) सांध्याचे पॅकिंग नवीनच घाला. आधी सगळे बोल्ट हाताने लावा, नळी सरळ करा, मग इंजिनकडून मागे एकेक आवळत या.
७) ब्रेकची नळी, डिझेल टाकी, वायरी आणि स्टेपनीपासून किमान दोन बोटे अंतर हवे. नळीचे तोंड बॉडीच्या बाहेर निघाले पाहिजे.
८) वेल्डिंग लागले तर ते घरी नको. गॅरेजला न्या आणि आधी बॅटरीची वायर काढायला सांगा.

*तपासणी*
उघड्यावर गाडी चालू करा. बंद शेडमध्ये नको. इंजिन गरम व्हायच्या आत सांध्यांना साबणाचे पाणी लावा. बुडबुडे आले म्हणजे गळती आहे. १०० किलोमीटर चालल्यावर, गाडी थंड करून, बोल्ट पुन्हा आवळा. नंतर कधी सांध्याभोवती काळी काजळी दिसली तर तिथेच गळते आहे असे समजा.

⚠️ तापलेल्या सायलेन्सरखाली सुके गवत पेटू शकते. बीएस-६ गाडीत डीपीएफ स्वतःची काजळी जाळतो तेव्हा आतली उष्णता ५०० अंशांच्या वर जाते. म्हणून खळ्यात, पेंढ्यावर किंवा वाळल्या गवतात गाडी उभी करू नका.

शंका असेल तर काम सुरू करण्याआधी गाडीखालचा फोटो आणि आरसीवरचे मॉडेल ग्रुपवर टाका. हा मेसेज गाडी चालवणाऱ्या घरच्या माणसाला आणि ड्रायव्हरलाही नक्की दाखवा.

– आपली शेतकरी उत्पादक कंपनी