छोट्या धंद्यांचा अभ्यास, मोठी जबाबदारी: विद्यापीठातल्या उद्योजकता केंद्राची वाट

बारावीचा निकाल लागला की ग्वाल्हेरच्या मराठी घरांतून एक प्रश्न हमखास येतो: मुलाला धंद्यात रस आहे, पण आमच्याकडे धंदा कुणी केलेला नाही, मग याला पाठवायचं कुठे? पिढ्यान् पिढ्या आधी दरबारची आणि मग सरकारची नोकरी केलेल्या घरांना ही धास्ती वाटणारच. अशा मुलामुलींसाठी एक भक्कम वाट आहे आणि तिच्याबद्दल फार कमी बोललं जातं. छोट्या धंद्यांचा शास्त्रशुद्ध अभ्यास करायचा, तो शिकवायचा आणि पुढे विद्यापीठातल्या उद्योजकता व लघुउद्योग संशोधन केंद्राची धुरा सांभाळायची.

काम नेमकं काय?

इन्क्युबेशन सेंटर आणि संशोधन केंद्र यांत पालकांची बऱ्याचदा गल्लत होते. इन्क्युबेशन सेंटर नव्या उद्योजकाला जागा, सल्ला आणि सुरुवातीचं भांडवल मिळवून द्यायला मदत करतं. संशोधन केंद्र त्याच्या आधीचा आणि नंतरचा प्रश्न विचारतं: कोणते धंदे टिकतात, कोणते बुडतात, कशामुळे? अनेक विद्यापीठांत ही दोन्ही कामं एकाच छताखाली चालतात. संचालकाचा दिवस पीएचडीच्या विद्यार्थ्यांना मार्गदर्शन, वर्ग, उद्योजकांशी बैठका आणि निधीसाठी प्रस्ताव यांत जातो. भारतीय सामाजिक विज्ञान संशोधन परिषद किंवा केंद्र सरकारचा विज्ञान व तंत्रज्ञान विभाग यांच्याकडून पैसा आणायचा, तर प्रश्न नेमका मांडता यायला हवा आणि प्रत्येक रुपयाचा हिशेबही देता यायला हवा.

आपल्या भाषेतला आदर्श

या कामाचा आदर्श शोधायला परदेशात जायची गरज नाही. धनंजयराव गाडगीळ १९३० पासून १९६६ पर्यंत पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेचे संचालक होते. त्यांच्या मार्गदर्शनाखाली पुणे शहराची घरोघर जाऊन पाहणी झाली. कुटुंबं, व्यवसाय, उत्पन्न यांची ती नोंद १९४५ आणि १९५२ मध्ये दोन भागांत प्रसिद्ध झाली. सोलापूर शहराचा अभ्यास १९६५ मध्ये आला. पण गाडगीळ पुस्तकांपाशी थांबले नाहीत. विठ्ठलराव विखे पाटलांनी प्रवरानगरला सहकारी साखर कारखाना उभा केला, तेव्हा त्याचं पहिलं अध्यक्षपद गाडगीळांनी सांभाळलं. संशोधकानं अभ्यास केलेल्या माणसांच्या उपयोगी पडलं पाहिजे, हे त्यांनी वागण्यातून दाखवलं. केंद्राचा प्रमुख होऊ पाहणाऱ्यानं हीच कसोटी स्वतःला लावावी.

दुसरं उदाहरण आंध्रातलं. उद्योजकता शिकवता येते का, हे तपासण्यासाठी मानसशास्त्रज्ञ डेव्हिड मॅक्लेलँड यांनी १९६४ च्या सुमारास काकीनाड्याच्या छोट्या व्यावसायिकांना हैदराबादच्या लघुउद्योग संस्थेत प्रशिक्षण दिलं. मग प्रशिक्षण न घेतलेल्यांशी त्यांची तुलना केली. प्रशिक्षण घेतलेले व्यावसायिक पुढे अधिक सक्रिय दिसले. नुसतं शिबिर भरवून टाळ्या घेतल्या असत्या, तर हे कधीच कळलं नसतं. तुलना केली म्हणून ते संशोधन ठरलं.

पडावच्या आसपास केवढं तरी

आता आपल्या परिसराकडे पाहा. पडाव म्हणजे स्टेशनजवळचा गजबजलेला भाग. इथल्या खाणावळी, लॉज, दुरुस्तीची दुकानं, चहाच्या टपऱ्या कशा चालतात? उधारी किती दिवसांनी वसूल होते? भांडवल बँकेतून येतं की नातेवाइकांकडून? दुकान पुढच्या पिढीकडे जातं की विकलं जातं? ग्वाल्हेरच्या हातविणीच्या गालिच्याला आणि शेजारच्या मुरैन्याच्या गजकला २०२३ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. त्याचा पैसा विणकराच्या आणि कारागिराच्या हातात पोचतो का? माधवराव शिंद्यांनी १९०५ मध्ये सुरू केलेल्या ग्वाल्हेरच्या मेळ्यात छोटा दुकानदार खरंच कमावतो का? बिर्लानगरची जियाजीराव कॉटन मिल बंद पडल्यावर तिच्यावर अवलंबून असलेल्या छोट्या व्यवसायांचं काय झालं? यातला एकेक प्रश्न पीएचडीला पुरेल.

शिक्षणाची वाट

बारावीनंतर बीकॉम, अर्थशास्त्र किंवा संख्याशास्त्राची पदवी, बीबीए यांपैकी काहीही चालेल. शाखेपेक्षा दोन गोष्टी महत्त्वाच्या: आकडेवारीची भीती नसणं आणि माणसांशी बोलायची आवड असणं. त्यापुढे एमकॉम, अर्थशास्त्रात एमए किंवा एमबीए. अहमदाबादची भारतीय उद्यमिता विकास संस्था १९८३ पासून याच विषयात काम करते. जागतिक उद्योजकता पाहणीचा भारतातला भागही तीच सांभाळते. मुंबईच्या टाटा सामाजिक विज्ञान संस्थेनं २००७ मध्ये सामाजिक उद्योजकतेत एमए सुरू केलं. ग्वाल्हेरमध्येच राहायचं असेल, तर १९६४ मध्ये स्थापन झालेलं जीवाजी विद्यापीठ आहेच.

साहाय्यक प्राध्यापक होण्यासाठी खुल्या गटाला पदव्युत्तर पदवीत ५५ टक्के आणि नेट किंवा सेट ही पात्रता परीक्षा, अथवा पीएचडी लागते. चार वर्षांच्या पदवीत ७५ टक्के असतील, तर थेट पीएचडीला अर्ज करता येतो. विद्यापीठात प्राध्यापकपदाच्या नेहमीच्या वाटेला पीएचडी, दहा वर्षांचा अनुभव आणि किमान दहा शोधनिबंध लागतात. केंद्राचं संचालकपद बहुधा अशाच ज्येष्ठ प्राध्यापकाकडे सोपवलं जातं.

पालकांची काळजी: पैसा आणि स्थैर्य

नेटमधून कनिष्ठ संशोधन शिष्यवृत्ती मिळाली, तर २०२३ पासून दरमहा ३७,००० रुपये मिळतात. म्हणजे पीएचडीची वर्षं घरावर ओझं होत नाहीत. सातव्या वेतन आयोगानुसार साहाय्यक प्राध्यापकाचं मूळ वेतन ५७,७०० पासून आणि प्राध्यापकाचं १,४४,२०० पासून सुरू होतं. भत्ते त्यावर.

मात्र स्पष्ट सांगायला हवं: कायम जागा कमी आहेत. मध्य प्रदेशात अनेकजण काही काळ अतिथी विद्वान म्हणून शिकवतात, आणि त्यात स्थैर्य नसतं. म्हणून एकाच पदावर आयुष्य टांगून ठेवू नये. हेच कौशल्य बँकांच्या लघुउद्योग कर्ज विभागात, जिल्हा उद्योग केंद्रांत, स्वयंसेवी संस्थांत आणि सल्लागार कंपन्यांत उपयोगी पडतं. धंद्याचा हिशेब वाचता येणारा माणूस रिकामा बसत नाही.

यंदा काय करावं?

ओळखीच्या एका दुकानदाराची परवानगी घ्या आणि महिनाभर त्याच्या विक्रीची, उधारीची, गर्दीच्या वेळांची नोंद ठेवा. त्याचं नाव, त्याचे आकडे बाहेर फोडू नका. संशोधनातली सचोटी इथूनच सुरू होते. ती नोंद एक्सेलमध्ये भरा, सरासरी काढा आणि जे दिसलं ते मराठी, हिंदी, इंग्रजी तिन्ही भाषांत एकेका पानात लिहा. सूक्ष्म, लघू आणि मध्यम उद्योगांच्या व्याख्या समजून घ्या. १ एप्रिल २०२५ पासून त्या बदलल्या आहेत: यंत्रसामग्रीत अडीच कोटींपर्यंत गुंतवणूक आणि दहा कोटींपर्यंत उलाढाल असलेला उद्योग आता सूक्ष्म ठरतो.

पालकांना एकच विनंती. महिन्याभरानं ती तीन पानं मुलाकडून वाचून घ्या. सांगताना तो आपणहून नवे प्रश्न विचारू लागला, तर या वाटेवर त्याच्या पाठीशी उभे राहा. नाहीच रमला, तरी बाजार कसा चालतो हे तो शिकलेला असेल आणि कुठल्याही नोकरीत ते ज्ञान वाया जाणार नाही.