शब्दाला कुंपण किती?

पावसाळा सरला, की बीड जिल्ह्यातील हजारो कुटुंबे कोयते घेऊन ऊसतोडणीसाठी घराबाहेर पडतात. कोणी पश्चिम महाराष्ट्रात जाते, कोणी कर्नाटकात. मागे राहिलेली मुले आजी-आजोबांजवळ असतात. पूर्वी अशा घरांत पत्राची वाट पाहिली जाई. आता संध्याकाळी मोबाइलच्या पडद्यावर आईचा चेहरा दिसतो. त्याच मोबाइलवरून घरखर्चाचे पैसे येतात, कापसाचा भाव कळतो. इंटरनेट ही शहरातील चैनीची वस्तू आता राहिलेली नाही.

ही वाट २०२३ च्या ऑक्टोबरअखेर एकाएकी बंद झाली. मराठा आरक्षणाच्या मागणीसाठी चाललेल्या आंदोलनाला ३० ऑक्टोबर रोजी हिंसक वळण लागले. माजलगाव व बीड येथे लोकप्रतिनिधींच्या घरांना आगी लावण्यात आल्या. प्रशासनाने संचारबंदी पुकारली आणि इंटरनेट सेवाही थांबविली. ज्याने दगड उचलला त्याचा मोबाइल मुका झाला. ज्याने तो उचलला नाही, त्याचाही झाला.

प्रशासनाने असे का करावे? त्याचे उत्तर धुळे जिल्ह्यातील राईनपाडा या गावी सापडते. मुले पळविणारी टोळी आली आहे, अशी अफवा त्या दिवसांत व्हॉट्सॲपवरून गावोगाव पसरली होती. १ जुलै २०१८ रोजी तेथे आठवडी बाजार भरला होता. सोलापूर जिल्ह्यातून भिक्षेसाठी आलेले नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच जण त्या बाजारात होते. जमावाने त्यांनाच टोळी समजून इतके मारले, की पाचही जण प्राणास मुकले. त्यांचा अपराध काहीच नव्हता. अफवा पूर्वीही उठत. परंतु तोंडून तोंडी जाणारी अफवा वाटेत कोणी शहाणा भेटला, तर तेथेच थांबे. बोटाच्या एका स्पर्शाने शेकडो लोकांना धाडलेली अफवा थांबवावी कोणी? त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एक संदेश एका वेळी पाचांहून अधिक ठिकाणी पुढे पाठविण्यास बंदी घातली.

मग बोलण्यावरच कडक निर्बंध घालावेत, हे बरे नव्हे काय? घाईने ‘होय’ म्हणण्यापूर्वी पालघरची हकीकत ऐकली पाहिजे.

१७ नोव्हेंबर २०१२ रोजी शिवसेनाप्रमुख बाळासाहेब ठाकरे यांचे निधन झाले. मुंबई व आसपासचे व्यवहार बंद राहिले. असा बंद योग्य आहे काय, असे पालघरच्या एका तरुणीने फेसबुकवर लिहिले. तिच्या मैत्रिणीने त्या मजकुराला नुसती पसंती दर्शविली. दोघींनाही अटक झाली! लिहिणारीने कोणाला शिवी दिली नव्हती, कोणाला मारा असे म्हटले नव्हते. आणि मैत्रिणीने तर एक अक्षरही लिहिले नव्हते. त्यांना पुढे जामीन मिळाला व खटलाही मागे पडला, परंतु देशभर प्रश्न उभा राहिला, की हे झाले तरी कसे?

माहिती तंत्रज्ञान कायद्यात ‘६६ अ’ नावाचे एक कलम होते. कोणाला त्रास होईल, गैरसोय होईल असा मजकूर पाठविणाऱ्यास त्या कलमाखाली तीन वर्षांपर्यंत तुरुंगवास होऊ शकत असे. आता त्रास कशाला म्हणावे? खरे बोललेलेही पुष्कळांना त्रासदायकच वाटते. श्रेया सिंघल या दिल्लीच्या विद्यार्थिनीने या कलमाविरुद्ध सर्वोच्च न्यायालयाकडे दाद मागितली.

राज्यघटनेच्या १९ व्या अनुच्छेदाने प्रत्येक नागरिकाला भाषणाचे व विचार मांडण्याचे स्वातंत्र्य दिले आहे. हे स्वातंत्र्य फुकट मिळालेले नाही. ‘केसरी’तील लेखांबद्दल १९०८ मध्ये लोकमान्य टिळकांना सहा वर्षांची शिक्षा झाली होती, हे महाराष्ट्राला तरी सांगावयास नको. त्याच अनुच्छेदात सार्वजनिक सुव्यवस्था, अब्रू इत्यादी कारणांसाठी वाजवी बंधने घालण्याची मुभाही आहे. बंधन ‘वाजवी’ हवे, हाच वादाचा मुद्दा. २४ मार्च २०१५ रोजी न्यायालयाने ‘६६ अ’ रद्द केले. एखाद्या विषयाची चर्चा करणे निराळे, एखादे मत हिरिरीने मांडणे निराळे, आणि लोकांना गुन्ह्यास चिथावणे निराळे. चर्चा आणि मत कितीही अप्रिय असले तरी बंधन चिथावणीपाशीच सुरू होते, असे न्यायालयाने सांगितले. या कसोटीवर पालघरची तरुणी निर्दोष ठरते. राईनपाड्याची अफवा मात्र चर्चाही नव्हती आणि मतही नव्हते.

परंतु इंटरनेट सरसकट बंद केले, की ही पारख करावयास जागाच उरत नाही. अफवा थांबते, तशी अफवा खोटी असल्याची बातमीही थांबते. जम्मू-काश्मीरमधील दीर्घ बंदीसंबंधीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १० जानेवारी २०२० रोजी या गोष्टीचा विचार केला. इंटरनेटद्वारे विचार मांडणे व व्यवसाय करणे यांना घटनेचे संरक्षण आहे, बेमुदत बंदी चालणार नाही आणि बंदीचा आदेश लोकांना पाहता येईल असा प्रसिद्ध केला पाहिजे, असे न्यायालय म्हणाले. नोव्हेंबर २०२४ मध्ये आलेल्या नियमांनीही आदेशात कारण व प्रदेश नमूद करणे आवश्यक ठरविले असून, एका आदेशाची मुदत पंधरा दिवसांहून अधिक असता कामा नये, असे म्हटले आहे.

असा आदेश नियमांना धरून आहे की नाही, हे एक समिती तपासते. राज्यात मुख्य सचिव तिचे अध्यक्ष असतात आणि इतर दोन सभासदही शासनाचे सचिवच असतात. आदेश काढणारे शासन आणि तपासणारेही शासनच! या समितीत निवृत्त न्यायाधीशांसारखी शासनाबाहेरची माणसे घ्यावीत, असे संसदेच्या एका स्थायी समितीने २०२१ मध्ये सुचविले होते. २०२४ च्या नियमांत मात्र ती सूचना उतरलेली नाही.